आधी जुना गहू

गव्हातल्या सोंड्यांची मला आजही शिसारी येते. पोळीच्या मातकट, कडसर वासावरच मी वाढले. तेही घरात गहू नव्हता म्हणून नव्हे, भरपूर होता म्हणून.

बाबा कचेरीत कारकून. उन्हाळ्यात गहू स्वस्त झाला की पारशिवनीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून ते सालभराचा गहू घेत, आणि 'असू द्यावा जवळ' म्हणून लागे त्याहून जास्तच घेत. त्या महिन्यात दूध बंद, भाजी बंद. नंदनवन वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत पत्र्याच्या कोठ्या भिंतीला लागून उभ्या असायच्या आणि उरलेल्या जागेत आम्ही झोपायचो. आई नव्या गव्हाला एरंडेल चोळायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठी बंद करायची. मग आम्ही मागच्या सालचा खायला बसायचो, कारण जुना संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही, हा बाबांचा कायदा. जुना संपेपर्यंत नव्याला सोंडे लागलेले असत. चांगला गहू दरवर्षी घरात आला, ताटात एकदाही नाही. बाबा याला काटकसर म्हणत आणि पाहुण्यांना कोठ्या वाजवून दाखवत. बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमचा वासा भरलेला होता, पण किड्यांनी.

थोरली ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोळीचा घास तोंडात गेला की ती मोरीकडे धावायची. अंगावर मांस राहिलं नाही. पोटात अन्न टिकलं नाही तर लेकराचं काही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तेव्हा ताई धीर करून म्हणाली, "बाबा, एक डाव नवी कोठी उघडा ना. या पोळीचा लय वास येऊन राहिला मले."

"काहून वं? याच गव्हावर मोठी झाली ना तू? जुना संपू दे आधी."

आई शेजारीच सुपात सोंडे पाखडत बसली होती. तिने मान वर केली नाही. मला बाबांचा आला तितकाच त्या सुपाचा राग आला.

आठव्या महिन्यात लेकीला कोणी हलवत नाही. ताई आठव्यात सासरी परत गेली. जावई गिरणीत कामाला, भाड्याची एक खोली. तिथेच ती बाळंत झाली. बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप राहिली, हे त्या घराचं पुण्य.

नातू बघायला बाबा मला घेऊन गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पिशवीभर गहू घेतला. अर्थात जुना. ताईने पिशवीत हात घातला, तर बोटांवर सोंडे चढले. तिने हात झटकला आणि पिशवी बाबांच्या पायाशी सरकवली.

"बाबा, आमच्या घरी गहू कमी राहते. पण त्याच सालचा राहते."

बाबा पिशवी उचलून घरी घेऊन आले. आईने ती सुपात ओतली, आणि गहू वाया जायला नको म्हणून तो आम्हीच खाल्ला.