राजपार्टी बेडूक

माझ्या बापाने आयुष्यभर राजे केले आणि शेवटी बेडूक. सुरुवातीला मला याचं फार वाईट वाटलं असं नाही. दशावतारातला राजपार्टी नट घरात किती छळतो, हे ज्यांच्या घरात तो नाही त्यांना कळायचं नाही. पेडण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते दरबारात बोलावं तसे बोलायचे. आमटीत मीठ कमी पडलं तरी खुलासा मागायचे. आई त्या दरबारातच म्हातारी झाली आणि तिथेच गेली.

गुडघे गेले तशी नाटकमंडळीने बाबांना नारळ दिला. मी तेव्हा डिचोलीजवळच्या एका जादूनगरीत तिकिटं फाडत होते. जादूनगरी म्हणजे बंद पडलेल्या खाणीशेजारी एक पाळणा, एक घसरगुंडी, आरशांची खोली आणि कायम दुरुस्तीला पडलेली आगगाडी. सगळ्यावर तांबडी धूळ. पात्रांवच्या, म्हणजे मालकाच्या, हातापाया पडून मी बाबांना तिथे चिकटवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी झाली नाही तर पावसाआधी कुलूप लावणार, असं पात्रांवने सांगूनच ठेवलं होतं.

गर्दी आणायला त्याने भाचा आणला. पुण्याचा हॉटेलचा कोर्स अर्धवट सोडून आलेला, दिसायला देखणा आणि ते स्वतःला पक्कं ठाऊक असलेला. त्याने आम्हा कामगारांना पाळण्याखाली बसवलं आणि लॅपटॉपवर एक जपानी विनोदी कार्टून दाखवलं. त्यातही आमच्यासारखीच बुडीत जादूनगरी होती. तिथला कोल्हा, कासव, ढोली बकरी, सगळे खरेच जादूचे होते. लोक हसले की ते टिकायचे, नाहीतर विरून जायचे. भाच्याने तेच आमचं पाठ्यपुस्तक ठरवलं: आम्हीही प्राण्यांचे पोशाख घालून लोकांना हसवायचं.

"ह्यांच्या आत माणूस नाही," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "बघणाऱ्याला तसं वाटलं पाहिजे."

"मगे घाम कोणाक येता?" पाळणावाल्याने विचारलं. आम्ही फिदीफिदी हसलो.

बाबा हसले नाहीत. "बरोबर सांगता तो. मुकुट चढलो काय आत कोण नाय. रंग लावल्यार माझी आवस माझ्या पायां पडायची."

ते खरं होतं, आजी खरंच पाया पडायची. रंगलेल्या राजाला आमच्याकडे कोणी नावाने हाक मारत नाही, म्हातारीकोतारीही वाकतात. लोक संकासुराला हसायचे, भटाला हसायचे, पण बाबांचा राजा आला की मांडव गप्प. पिऊन आलेलासुद्धा त्यांच्या राजाला कधी हसला नाही. बाबांच्या आयुष्याची कमाई म्हणाल तर तेवढीच होती, आणि ते ती जिवापाड जपायचे.

भाच्याने त्यांना स्पंजाचा बेडूक शिवून आणला. बेडूकच का, तर शिंप्याकडे हिरवं कापड उरलं होतं. आमच्याकडे बेडूक बघायला कोण येतो? आमचे लोक चोरून तो खातात. त्यात बाबा त्या हिरव्या पायांनी सिंहासनाकडे निघाल्यासारखे चालायचे. पोरं कंटाळून घसरगुंडीकडे पळत. "आजोबा, उडी मारा ना," भाचा ओरडायचा. बाबा मान तेवढी हलवायचे.

मग एका रविवारी वास्कोहून सहलीला आलेल्या टोळक्यातल्या एकाने मागून येऊन बेडकाचं डोकं उपटलं. आत बाबांचा घामाने थबथबलेला चेहरा, कपाळाला चिकटलेले चार केस. एक लहान मूल किंचाळलं. बाबांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी अपमान झालेला राजा जे करतो तेच केलं. छाती पुढे काढली आणि आवाज लावला.

"कोण आहे रे तो अधम? भर दरबारात माझ्या मस्तकाला हात घालतोस? हा हात मी कलम करीन!"

ते खरोखर संतापले होते. पण खाली हिरवे पाय आणि पांढरं पोट. टोळकं लोळून लोळून हसलं. सगळ्यांचे मोबाईल वर होते.

तो व्हिडिओ कुठे कुठे गेला देव जाणे. पुढच्या आठवड्यात सावंतवाडीकडून गाड्या भरून आल्या. भाच्याने बाबांना जवळ बोलावलं. "आजोबा, आता हे रोज. आधी डोकं उपटायचं, मग भाषण."

"तां सोंग न्हय रे झिला. माका खरोच राग इललो."

"तोच राग हवा. राग कमी पडला तर लोक हसत नाहीत."

मी शेजारीच उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कुलूप लागलं तर आम्हा दोघांचीही रोजी जाणार होती. ते गेले आणि त्यांनी डोकं चढवलं.

डोकं उपटायला पोरांची रांग लागू लागली. बाबा त्यांच्यासाठी मान खाली करून थांबत आणि मग संतापत. जादूनगरी वाचली. आगगाडीसुद्धा दुरुस्त झाली.

दिवाळीनंतर गावच्या देवळाचा वर्धापनदिन आला. जुन्या मंडळीने बाबांना निरोप धाडला: एकदा येऊन राजा करा. नाटक दुपारी चारला होतं. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. स्वतः रंग लावला, मी मागच्या नाड्या बांधल्या आणि न सांगता वाकले. आयुष्यभर ज्या राजाचा दुस्वास केला, त्याच्यासमोर मी मनापासून वाकले.

बाबा मांडवात आले. क्षणभर मांडव गप्प. मग मागून कोणीतरी ओरडलं, "डरांव!"

सगळा मांडव फुटला. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, मृदंगवाला मृदंगावर ओणवा झाला होता. बाबांनी आवाज लावला. दरबारातल्या अपमानाचं ते भाषण या नाटकातही होतं, आणि लोकांना ते मोबाईलवरून पाठ झालं होतं. ते बाबांच्या आधीच पुढचं वाक्य म्हणू लागले. "मुंडी काढ! मुंडी काढ!" पुढची पोरं टाळ्यांवर ओरडत होती.

मी मंचाच्या कडेवरून ओरडले, "गप रवा रे, मेल्यांनो!" त्यावर आणखी हशा झाला. मला त्या सगळ्या गावाचा असा तिटकारा आला की हातात दगड असता तर मारला असता.

बाबा थांबले. एक पोरगा मंचावर चढला. बाबांनी हातातली तलवार खाली ठेवली, त्याच्यापुढे मान खाली केली आणि थांबले. पोराने मुकुट काढला. इतक्या टाळ्या त्या देवळात कधी पडल्या नसतील.

नंतर रंग पुसायला मी खोबरेल घेऊन बसले. "कोणाक अक्कल नाय, बाबा," मी म्हटलं. ते आरशात बघत होते.

"माझ्या राजाक इतकी टाळी कधी पडूक नाय गो," ते म्हणाले. "आदीच बेडूक करूक होयो होतो."

मी त्यांचा चेहरा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी कामाला जायला ते माझ्या आधी तयार होते.