मल्हारी बोडकेची साक्ष

पंचवटीच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी एक पोलीस चौकी होती आणि चौकीला लागूनच रिक्षांचा स्टँड. त्या स्टँडवर चौकीच्या खिडकीसमोरची जागा मल्हारी पुंजा बोडके याची. ती दुसऱ्या कुणी घ्यायची नाही असा अलिखित कायदाच होता, कारण मल्हारी नुसता रिक्षावाला नव्हता. तो पंच होता.

पोलिसांनी कुणाला धरलं की पंचनामा लिहावा लागतो, आणि त्यावर दोन परक्या माणसांच्या सह्या लागतात. आम्ही हे आमच्या डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणणाऱ्या. आता बाजारातला कुठलाही शहाणा माणूस पोलिसांची हाक ऐकली की जवळच्या बोळात गडप होतो. आज सही केली की पुढची चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवा, कुणी सांगितलंय? म्हणून चौकीच्या रावजी हवालदारांनी दोन पंच कायमचेच धरून ठेवले होते. एक समोरचा काळू पानवाला आणि दुसरा मल्हारी. रावजी आत बसून सगळा मजकूर लिहून काढत आणि शेवटचा पूर्णविराम दिला की खिडकीतून नुसता हात वर करत. मल्हारी रिक्षातून उतरायचा, पायजम्याला हात पुसायचा, सही ठोकायचा आणि परत रिक्षात जाऊन बसायचा. आत कुणाला धरलंय, तो काळा की गोरा, हे बघायच्या भानगडीत तो पडत नसे. हवालदारांनी बघितलंय ना, मग झालं.

ह्या कामाचा मल्हारीला भलता अभिमान. कोर्टाचं बोलावणं आलं की तो परीटघडीचा सदरा आणि कडक टोपी घालून निघायचा. 'माझ्यासमक्ष आरोपीच्या तोंडाचा वास घेतला. वास दारूचा होता. डोळे लाल होते. चाल अडखळती होती. सही माझीच आहे.' शाळेतल्या पाढ्यासारखी साक्ष त्याला पाठ होती, आणि समोरच्या वकिलानं कितीही डोकं आपटलं तरी त्यातला एक शब्द हलत नसे. इतर पंच आयत्या वेळी फितूर व्हायचे, मल्हारी कधीही नाही. सरकारी वकील त्याला 'आमचा बोडके' म्हणत, आणि घरी आल्यावर तो हे बायकोला दोनदा तरी ऐकवी.

असा हा माणूस एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सिन्नरकडच्या गावी भाच्याच्या जावळाला गेला. बोकड पडला होता, मेव्हण्यांचा आग्रह होता आणि ऊन मी म्हणत होतं. मल्हारी काही रोजचा पिणारा नव्हता, तिथंच घात झाला. रोजच्या पिणाऱ्याला आपलं माप कळतं. ह्यानं मेव्हण्यांचं मन मोडू नये म्हणून प्रत्येकाच्या हातून थोडी थोडी घेतली, आणि मेव्हणे होते पुष्कळ.

दिवे लागायच्या सुमारास रिक्षा नाशकात सुखरूप शिरली. नदी ओलांडली, बाजार आला, स्टँड आला. मल्हारीनं नेहमीच्या जागेवर नेहमीच्या ऐटीत रिक्षा वळवली. फक्त वळवायला त्यानं दोन हात उशीर केला. पुढचं चाक चौकीच्या ओट्यावर चढलं आणि तिथला पाण्याचा रांजण फुटला. त्या पाण्यात जे बूट भिजले ते नव्या फौजदारसाहेबांचे होते. साहेब आठवड्यापूर्वीच बदलून आले होते. मल्हारी म्हणजे कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"घ्या रे ह्याला आत," साहेब म्हणाले. "हवालदार, पंचनामा करा."

रावजींच्या जिवावर आलं. पण साहेब ओल्या बुटांनी दारातच उभे. रावजींनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. तोंडाचा वास, लाल डोळे, अडखळती चाल. शेवटचा पूर्णविराम पडला आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. "मल्हारी, ये रे."

मल्हारी त्यांच्या पाठीमागच्याच बाकावर बसला होता. हाक ऐकताच तो उठला, एकदा भिंतीला धडकला, पायजम्याला हात पुसले आणि पंच म्हणून झोकात सही ठोकली. काळू पानवाल्यानंही येऊन न वाचता आपली सही केली. साहेब तेवढ्यात बूट काढायला आत गेले होते. झालं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

रातोरात जामीन झाला. सरकारी दवाखान्यात रक्त काढलं होतं, पण बाटलीवरची चिठ्ठी भिजली आणि कुणाचं रक्त कुठलं हे देवालाही सांगता येईना. त्यामुळे सगळी केस त्या पंचनाम्यावर येऊन बसली. मल्हारीची बायको चंद्रभागा हिला मात्र केसबिसशी देणंघेणं नव्हतं. तिचा एकच सवाल होता.

"लायसन गेलं तर रिक्षा काय मी वढू? का भाच्याला जुंपायचं, ज्याचं जावळ केलं?"

मल्हारीला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं आणि लायसन्स गेलं तर घराची चूल कशी पेटायची, ह्या विचारानं त्याची झोप उडाली.

त्यात समन्स आलं. समन्स आणणाऱ्या पोलिसानं दोन ठिकाणी सही मागितली. "एक आरोपी म्हणून, एक साक्षीदार म्हणून. एकाच घरात एकाच नावाचे दोघं दिसताय." तेव्हा कुठं मल्हारीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो धावत चौकीत गेला. ऐकून रावजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोंबलू नको," ते हळूच म्हणाले. "मला रिटायर व्हायला वरीस ऱ्हायलंय. कोर्टात गर्दी लय असती. कुणाला काय कळतंय?"

मग मल्हारी वकिलाकडे गेला. जयराम वकील कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल मांडून बसायचे. आवाज मोठा, अशील थोडे. त्यांनी सगळं ऐकायच्या आधीच टेबलावर मूठ आपटली.

"रक्ताचा रिपोर्ट नाही. राहिले दोन पंच. त्यातला तो पानवाला गाशा गुंडाळून मालेगावला गेलाय, तो काही येत नाही. उरला एक. हे पंच म्हणजे पोलिसांचे पाळलेले असतात हो! त्याला असा उभा सोलतो की पुन्हा कोर्टाचं नाव काढणार नाही."

"वकीलसाहेब, त्यो पंच वाईट न्हाई वो," मल्हारी कळवळून म्हणाला.

"तुम्ही त्याची कीव करू नका. खोटारडा माणूस!"

"आवो, पर त्यो मी..."

"तुम्ही फक्त 'गुन्हा कबूल नाही' एवढंच म्हणायचं. बाकी माझ्यावर सोडा." आणि वकीलसाहेब दुसऱ्या अशिलाकडे वळले. खोटारडा हा शब्द मात्र मल्हारीच्या काळजात रुतून बसला. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. निदान त्याच्या तोंडावर तरी नाही.

पुढं तारखा सुरू झाल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा सरकारी वकिलांच्या घरी लग्न, एकदा नुसतीच तारीख. असं करत थंडी आली आणि एके दिवशी खरोखरच पुकारा झाला. "मल्हारी पुंजा बोडके, हाऽजिर हो!"

मल्हारी सवयीनं साक्षीदाराच्या कठड्याकडे निघाला. शिपायानं त्याला दंडाला धरून आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभं केलं. गुन्हा कबूल नाही, एवढं तो बोलला. मग रावजींची साक्ष झाली. मल्हारी पिंजऱ्यातून बघत होता. ह्या खोलीत तो कितीदा आला असेल, पण इथून त्यानं ती कधी बघितली नव्हती. इथून साक्षीदाराचा कठडा फार उंच दिसत होता. त्याला आठवलं, आपण पाढा म्हणत असताना पिंजऱ्यातली माणसं आपल्याकडे टक लावून बघायची. कुणी हमाल, कुणी टांगेवाला. आपण त्यांच्याकडे कधी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"सरकारचा पुढचा साक्षीदार," सरकारी वकील म्हणाले. हे नवे होते आणि कागदात डोकं खुपसूनच बोलत. शिपाई व्हरांड्यात जाऊन ओरडला, "मल्हारी पुंजा बोडके!" उत्तर नाही. पुन्हा ओरडला.

"मी हितं हाय," मल्हारी पिंजऱ्यातून म्हणाला.

"तू आरोपी आहेस. गप्प उभा राहा."

तिसरा पुकारा झाला. आता साक्षीदार गैरहजर म्हणून लिहितील आणि आपली इतक्या वर्षांची अब्रू जाईल, ह्या भीतीनं मल्हारी पिंजऱ्यातून उतरला आणि गुपचूप कठड्यात जाऊन उभा राहिला. शिपायानं परत येऊन बघितलं, कठड्यात माणूस आहे. त्यानं शपथ देऊन टाकली. न्यायाधीश खाली मान घालून लिहीत होते. जयराम वकील पंचाला सोलायचे प्रश्न मनाशी जुळवत होते. रावजींनी तेवढे डोळे घट्ट मिटून घेतले.

"तुमच्यासमक्ष आरोपीच्या तोंडाचा वास घेतला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"व्हय. वास दारूचा व्हता. डोळे लाल व्हते. चाल अडखळती व्हती."

"तो आरोपी आज कोर्टात हजर आहे का? दाखवा."

मल्हारीनं पिंजऱ्याकडे बघितलं. पिंजरा रिकामा होता.

"आत्ता तर व्हता, साहेब," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी मान वर केली. "आरोपी कुठं गेला?"

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. दोन पोलीस दाराकडे धावले, "आरोपी पळाला!" अशी आरोळी व्हरांड्यातून थेट बस स्टँडपर्यंत गेली. कुणीतरी कोर्टाचं फाटक लावून घेतलं आणि त्यात दोन वकील बाहेर अडकले.

"साहेब," मल्हारी हात जोडून म्हणाला, "मी पळालो न्हाई. साक्ष द्यायला हिकडं आलोय."

कोर्टात कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी पंचनामा मागवला, दोन्ही नावं वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. "हवालदार, आरोपीचीच सही पंच म्हणून घेतलीत?"

"सवय, साहेब," रावजी जमिनीकडे बघत म्हणाले.

जयराम वकिलांना मात्र आकाश ठेंगणं झालं. आयुष्यात पहिल्यांदा केस त्यांच्या खिशात येऊन पडली होती. "साहेब, हा पंचनामा कचऱ्याच्या लायकीचा आहे! ह्या पंचाला मला एकदोनच प्रश्न विचारू द्या."

"बोडके," न्यायाधीश म्हणाले, "तुमच्याविरुद्ध जाईल असं काही बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. समजलं?" मल्हारीनं मान हलवली.

जयराम वकील पुढं सरसावले. "सांगा बोडके, आजवर तुम्ही इतक्या पंचनाम्यांवर सह्या केल्या. चौकीत जाऊन माणूस डोळ्यांनी बघितला, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि मग सही केली, असं किती वेळा झालं? खरं सांगा!"

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर इतक्या वर्षांची सगळी ऐट मातीत. मल्हारीला भयंकर लाज वाटली. टोपी काढून त्यानं हातात घेतली.

"कंदीच न्हाई, साहेब."

"म्हणजे न बघता सह्या केल्या!"

"व्हय."

"म्हणजे हीसुद्धा न बघताच केली!" वकील विजयानं गरजले आणि वळून न्यायाधीशांकडे बघू लागले. एक 'व्हय' म्हटलं की सुटका होती. लायसन्स होतं, रिक्षा होती, चंद्रभागेचं तोंड बंद होतं. मल्हारीला हे सगळं कळत होतं.

"न्हाई वकीलसाहेब," तो म्हणाला. "ह्यो एकच बघून केला. ह्यो पंचनामा खरा हाय."

जयराम वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. न्यायाधीशांनी पंचनामा बाजूला काढला, मल्हारीला परत पिंजऱ्यात उभं केलं आणि गुन्हा कबूल आहे का ते नव्यानं विचारलं. ह्या वेळी वकिलाकडे न बघता मल्हारी हो म्हणाला. थोडा दंड झाला आणि लायसन्स तीन महिने जमा. रावजींना लेखी ताकीद मिळाली.

ते तीन महिने मल्हारीनं बाजारात भाजीची पोती वाहिली. चंद्रभागा रोज संध्याकाळी त्याच्या पाठीला तेल चोळी आणि चोळता चोळता शिव्या घाली. "खरं बोलायला बी ह्योच मुहूर्त घावला तुमाला!" पण शिव्या संपल्या तरी तिचा हात थांबत नसे.

लायसन्स परत मिळालं त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी खिडकीतून रावजींचा हात वर आला. मल्हारी उतरला, पायजम्याला हात पुसत आत गेला, आणि कागदाकडे न बघता म्हणाला, "आदी मानूस दावा."

"का रे? माझ्यावर इस्वास न्हाई?"

"हाय की. पर मानूस दावा."

बाकावर पेठ तालुक्याकडचा एक म्हातारा हमाल अंग चोरून बसला होता. डोळे लाल, हातपाय थरथरत होते. मल्हारीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मग वाकून चक्क त्याच्या तोंडाचा वास घेतला. रावजी बघतच राहिले.

"ताप हाय ह्याला," मल्हारी म्हणाला. "आन् वास कांद्याचा येतुय. तसं लिवा, मी सही करतो."

रावजींनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी लिहिलेला कागद फाडला. मल्हारीनं म्हाताऱ्याला धरून उठवलं, रिक्षात बसवलं आणि दवाखान्याच्या वाटेला लागला.

"दादा, तुमी वळखीचे दिसत न्हाई," म्हातारा मागून म्हणाला. "कोन तुमी?"

"पंच," मल्हारी म्हणाला, आणि खड्डा चुकवून त्यानं रिक्षा सावकाश पुढं घेतली.