सुकटीच्या बदल्यात जिना

जर्मनीत मला फसवलं ते माझ्या घरमालक आजोबांनी, आणि तेही आमच्या पहिल्याच सौद्यात. आठवडी बाजारात कांदे विकून मी कॉलेजची फी भरलेली. भल्याभल्या गिऱ्हाइकांना पाणी पाजलेलं. म्हणून जास्त झोंबतं.

भारतात फोन करायला कार्ड खरवडावं लागायचं, तेव्हाची गोष्ट. संशोधनासाठी दक्षिणेतल्या एका छोट्या गावात मी या आजोबांच्या घरी राहत होतो. ते एकटेच. वरच्या मजल्यावर एक शेजारीण. आईने बांधून दिलेली सुकट माझ्या बॅगेत पडून होती आणि आजोबा ती परतू देत नव्हते. म्हणे, वास पडद्यांत बसतो.

त्या भागात जिना आणि घरासमोरचा रस्ता पाळीपाळीने झाडायचा असतो. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. आजोबांची कंबर धरलेली. मी संधी साधली.

"तुमची पाळी मी करतो. बदल्यात माझी सुकट तुमच्या स्वयंपाकघरात."

"बर्फही काढशील?"

"काढीन. पण पाटी आपल्या दारावर असेल तरच हं! वरच्या बाईंची पाळी मी करणार नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत आजोबांनी हात पुढे केला. "सुकट मात्र वसंतात. खिडक्या उघडता आल्या की."

म्हातारा किती सहज गळाला लागला, असं मला वाटलं.

हिवाळाभर मी झाडत होतो, बर्फ ओढत होतो. पाटी काही आमच्या दारावरून हलेना. इथे पाळी लांबलचक असेल, असं मी समजलो. शनिवारी आजोबा सफरचंदाच्या केकचा तुकडा पुढे करायचे. "खा, दमलास." मी विरघळायचो. आईला सांगितलंसुद्धा, "अगं, फार भला माणूस आहे."

वसंत आला. एका रविवारी खिडक्या सताड उघडून मी तेलात कांदा, लसूण आणि सुकट टाकली. दोनदा उलथणं फिरवलं नाही तोच बेल वाजली. दारात वरची शेजारीण, नाकाला रुमाल लावून.

"हे काय जळतंय? बंद करा आधी!"

"अहो, हिवाळाभर झाडलंय मी यासाठी!"

"यासाठी? मग माझे केक कशासाठी? दर शनिवारी अख्खा केक देते मी खाली, माझी पाळी तुम्ही करता म्हणून!"

मी आजोबांकडे वळलो. ते कढईत डोकावत होते.

"पाटी आपल्याच दारावर होती ना?" ते शांतपणे म्हणाले. "अट तुझीच होती."

तेवढ्यात शेजारणीने आत येऊन शेगडी बंद केली. माझं डोकं फिरलं. कोपऱ्यातला झाडू उचलून मी दोघांच्या मधोमध आपटला.

"केक यांनी खाल्ला, जिना तुमचा लखलखला. आणि माझी सुकट अर्धी कच्ची! हिचा जाब कोण देणार? बोला, दोघांपैकी कोण?"