आधी खोट, मग घर

घर पाहायला कोणी आले की आमचे शेजारी नाना दार उघडून प्रथम छताकडे बोट दाखवीत. "या, या. आधी वर दखा. पावसायामा आठे ओल धरस."

आलेला मनुष्य पायातील चपला काढीत असतानाच घराची पहिली खोट त्याच्या पदरात पडलेली असे. मग मोरीचा तुंबणारा नळ, मग उन्हाळ्यात तापणारी पश्चिमेची भिंत. सद्गुण सांगायची वेळ येईपर्यंत पाहुण्याचा चहा संपलेला असे.

नानांची सारी नोकरी वरणगावच्या कारखान्यात तपासणी विभागात गेली. सदोष माल बाजूला काढणे हेच त्यांचे कर्म. निवृत्तीनंतर जळगावच्या पिंप्राळ्यातील आमच्या कॉलनीत ते घर विकायला बसले, तेव्हाही ती दृष्टी त्यांना सोडून गेली नाही. फाटकावर त्यांनी स्वहस्ते पाटी लिहिली होती : "घर विकणे आहे. दलालांनी चौकशी करू नये."

तरी एक दलाल येई. कट्ट्यावर बसून म्हणे, "नाना, तुम्ही घर विकता की घराची निंदा करता? माझ्या हातात द्या, आठवड्यात उठवतो."

"आणि खोलीचं काय सांगशील?"

"कोणती खोली? मी तर काही ऐकलंच नाही!"

"म्हणूनच तुझ्या हातात देत नाही," नाना म्हणत.

ती मागची, पूर्वेची खोली. नानांचा एकुलता मुलगा ऐन तारुण्यात तापाने तिथे गेला होता. सारे घर दाखवून झाले की नाना तिच्या उंबऱ्याशी थांबत आणि हलक्या आवाजात सांगत, "ह्या खोलीमा मना पोऱ्या गया." पाहुणे हात जोडीत, "घरी विचारून कळवतो" म्हणत, आणि पुन्हा येत नसत.

मी एकदा विचारले, "नाना, न विचारता इतके सांगण्याची आवश्यकता काय?"

ते म्हणाले, "गुरुजी, नाही सांगितलं, तर तो या घरात होताच नाही असं होईल ना?"

मी जन्मभर शास्त्रे पढवली. हे वाक्य मला त्यांत कुठे आढळले नव्हते.

घर विकण्याची निकड होती ती अक्कांसाठी, नानांच्या पत्नीसाठी. त्यांचे दुखणे बरे होण्यातले नव्हते, आणि ते त्यांना ठाऊक होते. बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून त्या एकच मागणे मागत : "माले या घरमा मरनं नही. मनी बहिनकडे धुळे ली चाला." ज्या छपराने मुलगा नेला त्याखाली त्यांना डोळे मिटायचे नव्हते. बहीण मुलासुनेबरोबर दोन खोल्यांत राहत होती, तिथे आजारी माणसाला जागा नव्हती. तिच्याच गल्लीत एक लहानसे घर विकाऊ होते. पिंप्राळ्याचे घर गेल्यावाचून ते घेता येत नव्हते.

भाड्याने जागा घेण्याचे मी सुचवले, तेव्हा अक्काच म्हणाल्या, "गुरुजी, भाड्याच्या घरात माझे दिवस कोण घालू देईल? दहावं व्हायच्या आत मालक दारात उभा राहील." त्या खरे बोलत होत्या. अशी गोष्ट मी आमच्याच कॉलनीत पाहिली होती.

पुढे एक कापडाचे व्यापारी आले. पिढ्यान्‌पिढ्या जळगावात रुजलेले मारवाडी कुटुंब. त्यांना ओल चालली, नळ चालला. त्या दिवशी नाना खोलीबद्दल बोलले नाहीत, कारण आदल्या संध्याकाळी अक्कांनी माझ्यादेखत त्यांचा हात धरून म्हटले होते, "एक डाव गप ऱ्हा. मनासाठे." नानांनी मान हलवली होती.

इसाराचा मुहूर्त मीच काढून दिला. व्यापारी आपल्या वृद्ध आईला आणि सुनेला घेऊन आले. पाटावर नारळ ठेवला, कुंकू लावले. आजीबाई घरभर हिंडून त्या खोलीत गेल्या आणि तिथूनच आनंदाने म्हणाल्या, "अगं बाई, काय छान कोवळं ऊन येतं! आपल्या सुनेचं बाळंतपण इथंच करू."

सून लाजली. नाना पाटावरून उठले. मी त्यांच्या मुद्रेकडे पाहिले आणि समजलो. उंबऱ्याशी जाऊन त्यांनी ते नेहमीचे वाक्य उच्चारले, शब्दही न बदलता.

आजीबाईंनी सुनेला आपल्या मागे घेतले. कोणी कठोर बोलले नाही. "घरी विचारून कळवतो," व्यापारी म्हणाले, जणू सारे घर तिथे उभे नव्हतेच. नारळ पाटावरच राहिला.

खाटेवर अक्कांनी सारे ऐकले होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. नाना त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, "तिना पोटमा पोर व्हतं." त्यानंतर अक्कांनी धुळ्याचे नाव काढले नाही. मी रोज त्यांच्या उशाशी सहस्रनाम म्हणत असे. शांती उतरावी अशी प्रार्थना केली. ती उतरली नाही.

श्वास जड होऊ लागला तेव्हा नानांनी गाडी बोलावली. "घर नसलं तर नसलं, बहिणीच्या ओट्यावर ठेवीन," ते म्हणाले. मी सोबत गेलो. एरंडोल मागे पडले आणि पारोळ्याच्या अलीकडे अक्कांचा हात माझ्या हातात निवाला. चालकाने गाडी कडेला घेतली. नानांनी एकदा धुळ्याच्या दिशेने पाहिले आणि ते म्हणाले, "फिरव."

तेराव्यानंतर एक जोडपे घर पाहायला आले. नानांनी ओल दाखवली, खोलीबद्दल सांगितले. बाईंनी हलकेच विचारले, "आणि तुमच्या घरच्या?"

"ती इथं नाही. ती वाटेत. घरात एकच मरण आहे."

"मग आता घर का विकता, आबा?"

जोडपे गेल्यावर नानांनी पाटी उतरवली.

पुढच्या उन्हाळ्यात नाना त्या घरातच गेले. अक्कांच्या बहिणीच्या मुलाने घर दलालाच्या हाती दिले आणि ते आठवड्यात विकले गेले. नव्या मंडळींना कोणी काही सांगितले नाही. माणसे सज्जन आहेत. पूर्वेच्या खोलीत त्यांची मुले झोपतात.

नानांच्या मुलाचे नाव आता मी केवळ पितृपक्षात घेतो, ओंजळीत पाणी धरून. माझ्यामागे त्याचे तर्पण करणारा कोणी नाही.