बटणकाकूंनी जाकीट नीट केलं

बटणकाकूंना बस लागायची. म्हणजे कशी, तर बस अजून जागची हललेली नाही, ड्रायव्हर खाली उभा राहून चहा फुंकतोय, आणि काकू आत बसल्या बसल्या पिवळ्याहिरव्या. मोटारीतही तीच तऱ्हा. पुढं बसवा, खिडकीशी बसवा, उपाशी बसवा, सगळ्या युक्त्या करून झाल्या होत्या.

त्यामुळं डोंगरापलीकडच्या गावी राहणाऱ्या अक्काकडं त्या गेल्याला किती वर्षं झाली, हे मोजायचंही त्यांनी सोडलं होतं. अक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनंच केलेलं. आता तिचे गुडघे गेले होते, तिला येणं शक्य नव्हतं. आणि बहिणीला गाडी लागते हे काही तिला पटत नव्हतं.

"बहाणे आहेत तुझे," ती फोनवर म्हणायची. "लहानपणी झोपाळ्यावरून उतरायची नाहीस. तो नाही लागला कधी?"

"अगं अक्का, झोपाळ्याला डिझेलचा वास असतो का?"

"राहू दे, राहू दे. मी मेले की येशील बरोबर. तेव्हा नाही लागायची गाडी."

हल्ली तर तिनं फोन उचलणंही कमी केलं होतं. उचललाच तर "बरी आहे" म्हणून खाली. त्या दिवशी मग काकूंची काजं वाकडी व्हायची.

काजं म्हणजे बटणांची. काकूंच्या नवऱ्याचं कोट-पँट शिवायचं दुकान होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कापायचं आणि शिवायचं मास्तरांनी. काजं, बटणं, तुरपाई आणि चुकलेलं उसवायचं काकूंनी. उसवण्यात त्यांचा हात असा हलका, की कापडाला कळायचंसुद्धा नाही. म्हणून तर नाव पडलं बटणकाकू. मशीनवर वाकून वाकून मास्तरांच्या पाठीचा पार हँगर झाला होता. उठताना "आई गं" आणि बसताना "अगं बाई गं", एवढाच काय तो फरक.

एक दिवस दातांचा डॉक्टर कोटाचं माप द्यायला आला तो एक भलीथोरली मोटारसायकल घेऊन. लांबच्या प्रवासाची. पुढं काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागं तिसरी पेटी, आणि बैठक म्हणाल तर पाहुण्यांच्या खोलीतल्या सोफ्यासारखी. "बसून बघा मास्तर," डॉक्टर सहज म्हणाला. मास्तर बसले, आणि उतरेनातच. पाठ ताठ, हात सैल, पाय जिथल्या तिथं.

"अगं, ये इकडं! दुखत नाही!"

"चालू कुठं केलीय अजून? म्हणून दुखत नाही," काकू दोरा तोडत म्हणाल्या.

डॉक्टर परदेशी लेकाकडं कायमचा निघाला होता. सौदा कसा ठरला ते सोडा, पण त्याची अट एकच होती. "गाडीबरोबर आमचे नवराबायकोचे गाडीवरचे कपडेही न्यायचे. हेल्मेट, जाकीट, हातमोजे, बूट. हे घालणार असाल तर गाडी तुमची. नाहीतर माझी मी भंगारात देईन."

तरुणपणी लहान गाडी चालवलेल्या मास्तरांना त्यानं मैदानावर नेऊन सुट्टीच्या दिवशी शिकवलं. घरी आल्यावर मास्तरांच्या तोंडी तोच विषय. "लहान गाडी म्हणजे शेळी गं. ट्रक शेजारून गेला की अंग चोरते. ही हत्तीण आहे. कानसुद्धा हलवत नाही."

"हत्तीण तर हत्तीण. माझ्या पोटाला कळायला नको."

"डॉक्टर म्हणतो, समोर रस्ता दिसतो आणि तोंडावर वारा येतो, म्हणून हिच्यावर लागत नाही."

"दातांच्या डॉक्टरला पोटातलं काय कळतं?"

पण एका सकाळी काकू मैदानात त्यांच्या मागं बसल्या. मास्तरांनी फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. उतरल्यावर काकू एका झाडाला धरून वाट बघत उभ्या राहिल्या. पोट काही बोलेना. आणखी थोडा वेळ थांबल्या. पोट गप्पच. मग त्या एकदम म्हणाल्या, "अहो, अक्काकडं जाऊ या."

रविवार ठरला. अक्काला कळवायचं नाही, असंही ठरलं. कळवलं असतं तर ती म्हणाली असती, बघू, येशील तेव्हा खरं.

शनिवारी दुपारी मास्तर घरात आडवे झाले होते. काकूंनी जाकीट टेबलावर पसरलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाह्या कोपरात वाकड्या. वाकड्या असून वर लांब, पार बोटांवर येणाऱ्या. पाठ मागं लोंबणारी. आणि कोपरात, खांद्यात, पाठीत कसल्या तरी टणक चकत्या कोंबलेल्या, जशी शिवणाऱ्याची न्याहारीच आत राहून गेली. हे घालून मास्तर गावभर फिरणार, आणि लोक म्हणणार, यांनीच शिवलं!

शेजारचा इस्त्रीवाला डोकावला. "काकू, हे काय, कासव सोलताय?"

"कापणाऱ्यानं डोळे मिटून कापलंय मेल्यानं. आपल्या दुकानाची अब्रू जायची."

त्या कामाला लागल्या. कोपरातल्या चकत्या काढल्या, त्यातली एक मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली बसली अगदी मापात. खांद्यातल्या वाटीसारख्या चकत्या काढून त्यांत बटणं ठेवली. पाठीतलं पॅड मोठं होतं, ते मास्तरांच्या स्टुलावर टाकलं. बाह्या सरळ केल्या, आखूड केल्या, पाठ कमरेपर्यंत वर घेतली, आणि वरून अशी टीप मारली की शिवणाऱ्या कंपनीनंही लाजावं. स्वतःचं जाकीटही तसंच बेंगरूळ होतं, पण संध्याकाळ झाली. बाईमाणसाचं काय, मागं बसायचं, बघतंय कोण?

मास्तर चहा घेऊन दुकानात आले, स्टुलावर बसले. "आज स्टूल बरं लागतंय गं."

"वारा फिरला असेल," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी मास्तरांनी जाकीट चढवलं, आरशात पाहिलं आणि खूश झाले. आदल्या दिवसापर्यंत ते कसं होतं, हे माणूस खुशीत विसरतो. "बघितलंस? अंगात मुरलं की कापड आपोआप बसतं." काकू हेल्मेटच्या आत हसल्या. खिशाखिशांत पिशव्या कोंबून ठेवल्या होत्या, न जाणो.

मास्तर गाडीवर बसले, हँडल धरायला हात पुढं केले, आणि दोन्ही बाह्या सर्रकन कोपरांपर्यंत मागं गेल्या. पाठीवरून जाकीट वर सरकलं आणि थंडगार वारा आत शिरला. "अगं, हे..." म्हणत बाही ओढायला त्यांनी एक हात सोडला. गल्लीच्या तोंडाशी घर बांधणाऱ्यांनी वाळू सांडून ठेवलेली. गाडीला वेग म्हणाल तर गोगलगायीचा, पण हत्तीण कलली ती कलली. दोघंही वाळूत.

इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच घेऊन धावला. "ती ठेव आधी!" मास्तर खालून ओरडले. "पडलोय तेवढं पुरे, भाजू नको!" मग गाडीला पाठ लावून, पायांनी रेटा देत तिघांनी ती उभी केली. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. बाजूच्या लोखंडी कड्यांनी तिला अलगद झेललं होतं. मास्तरांचं उजवं कोपर मात्र काकडीसारखं सोललं होतं.

घरी येऊन काकू कोपराला मलम लावायला बसल्या. मास्तर म्हणाले, "विकून टाकतो गाडी."

"एवढ्याशा खरचटण्यावरून?"

"माझ्या कोपराचं नाही. मागं तू होतीस. तुला पाडलं मी. परत नाही बसवायचा."

काकूंच्या डोळ्यांसमोर अक्काचं दार आलं, आणि ते बंद होताना दिसलं. बोलल्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं.

"अहो, तुम्ही नाही पाडलं. मी पाडलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांनी जाकीट मागून घेतलं, उलटं केलं, चष्मा लावून शिवण न शिवण बघितली. काकू जीव मुठीत धरून उभ्या.

"उसवलंयस मात्र झकास," मास्तर म्हणाले. "मला, मास्तरला, पत्ता लागू दिला नाहीस."

"कौतुक नंतर करा. हे बघा." काकूंनी बाही वर करून आपलं कोपर पुढं केलं. "त्याच वाळूत, त्याच दगडांवर आपटलंय. काही आहे? मी नीट केलेलं तुम्ही घातलंत आणि सोललात. मी बेंगरूळ घातलं आणि धड राहिले. उभ्या माणसाचं माप धरून बसलेल्या माणसाचे कपडे कापले मी. आता मुकाट चला बाहेर आणि बसा गाडीवर."

मास्तर गाडीवर बसले, हात हँडलवर. काकूंनी टेप काढली आणि वाकलेल्या खांद्यापासून मनगटापर्यंत, मानेपासून बैठकीपर्यंत मापं घ्यायला लागल्या.

"काकू," इस्त्रीवाला दारातून म्हणाला, "माप गाडीचं का मास्तरांचं?"

"दोघांचं. तू तुझी सुरकुती काढ."

बाह्यांना पट्ट्या जोडून त्या पुन्हा लांब केल्या, पाठ पुन्हा खाली सोडली. चकत्या शोधून शोधून जिथल्या तिथं बसवल्या. मशीन पुन्हा डुगडुगायला लागलं. मास्तर स्टुलावर बसले आणि "आई गं" म्हणाले. "मी काल याच्यावर बसलो होतो काय?" त्यांनी विचारलं, आणि काकूंनी तोंडात टाचण्या धरल्यामुळं उत्तर दिलं नाही.

पुढच्या रविवारी ते निघाले. वाळूपाशी मास्तरांनी काकूंना उतरवलं, आपण पलीकडं गेले आणि तिथून पुन्हा बसवलं. मोठ्या रस्त्याला ट्रक धडाधड शेजारून गेले, पण हत्तीण खरंच सरळ चालत राहिली. काकूंची पाठ मागच्या पेटीला टेकलेली. डोंगराच्या वळणांवर त्यांनी डोळे घट्ट मिटले. मग एक उघडला. मग दुसरा. समोर रस्ता दिसत होता, वळणाआधी वळण कळत होतं, आणि पोट आपलं शहाण्यासारखं आत बसून होतं. चढ संपल्यावर मास्तर चहाला थांबले, तर काकू म्हणाल्या, "थांबलात कशाला? उगाच."

अक्काच्या दारात हेल्मेट घातलेली दोन धुडं उभी राहिली. अक्का खिडकीपाशी खुर्चीत होती. तिथूनच ओरडली, "मीटर बघायचं असेल तर मागच्या बाजूला आहे!"

काकूंनी हेल्मेट काढलं. केस डोक्याला चिकटलेले. अक्का बघत राहिली. हाताला लागलेली काठी तिनं खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"एवढी जाड कधी झालीस गं?"

"जाड नाही अक्का, जाकीट आहे. हात लावून बघ."

अक्कानं खांद्यावर बोटानं ठोकलं. टकटक वाजलं. "आत आहेस ना तू?"

"आहे."

"कशानं आलीस?"

"त्या गाडीनं. यांच्या मागं बसून."

अक्कानं खिडकीतून गाडीकडं पाहिलं, मग बहिणीचा चेहरा नीट न्याहाळला. गाल लाल होते, डोळे चमकत होते. कुठं पिवळं नाही, कुठं हिरवं नाही. या चेहऱ्यात आणि बसमधून उतरणाऱ्या त्या जुन्या चेहऱ्यात केवढा फरक होता, हे तिच्या बहुतेक आत्ताच लक्षात आलं. आवाज खाली आला.

"म्हणजे बसनं खरंच लागायची का गं तुला?"

"खरंच लागायची."

"मग सांगायचं नाहीस?"

काही गोष्टी बोलून दाखवण्यापेक्षा गिळलेल्या बऱ्या, आणि आज पोटात जागाही होती. काकू नुसत्या अक्काच्या गळ्यात पडल्या. चकत्यांमुळं ते काही नीट जमेना. कुठं तरी अक्काला टोचलं, ती हसायला लागली आणि हसता हसता रडली.

"काढ बाई ते कवच. आणि मास्तरांना सांग, गाडी आत घ्या म्हणावं. आज काही तुला सोडत नाही मी."