मामांना फुकट नको होतं

पप्पा दारूने गेले. लिव्हर पार निकामी झालं होतं. शेवटच्या दिवसांत पिण्याचीही ताकद उरली नव्हती, तेव्हा ते चर्चच्या पाळकसाहेबांचा हात धरून लहान पोरासारखे रडले. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपला हा भाऊ आज प्रभूजवळ आहे." मोठे मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा जबडा आवळलेला मला दिसला.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. नगरकडून नवी मुंबईत बेलापूरला आले तेव्हा नव्या इमारतींत वायरिंगची कामं करायचे. मग स्वतःची कॉन्ट्रॅक्टरी, मग नेरूळला खाडीच्या बाजूला टॉवरमध्ये मोठा फ्लॅट. माझी आणि बहिणीची फी त्यांनी भरली, कित्येक वर्षं आमचं घरभाडंही. चर्चचा हॉल बांधून दिला. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाला कधी फसवलं नाही. मंडळीत चांगला माणूस म्हटलं की लोक मामांकडे बोट दाखवायचे.

त्या दिवशी घरी आल्यावर मामा आईला म्हणाले, "आयुष्यभर तुला मारलं, पोरांच्या तोंडचं पिऊन टाकलं, आणि शेवटी दोन आसवं गाळली की झालं? मग मी कशाला राबलो?"

"दादा, आज नको," आई म्हणाली.

मला मामांचं पटलं होतं. आजही ते पुरतं खोडून काढता येत नाही.

काही वर्षांनी मामांचे पाय सुजायला लागले, पोट फुगलं. रिपोर्ट बघून डॉक्टरने सहज विचारलं, "ड्रिंक्स किती वर्षं घेताय?"

मामांनी रिपोर्ट स्वतःकडे ओढला. "थेंब नाही," ते म्हणाले.

डॉक्टरने समजावलं, शुगर असते, चरबी साठते, न पिणाऱ्यांनाही होतं. मामांचं लक्ष नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या बापाला होतं तेच ना हे?"

"हो, मामा."

लिव्हर बदलायची तयारी त्यांनी केली होती, पैशाचा प्रश्नच नव्हता. पण तपासण्यांमध्ये कॅन्सरची गाठ निघाली, तीही पसरलेली. डॉक्टरने नाही म्हटलं.

मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. आई आणि मी आळीपाळीने त्यांच्याकडे राहायला लागलो. आईने पेज भरवली की मामा उशाखालून नोट काढून तिच्यापुढे धरायचे.

"दादा, मी काय कामवाली बाई आहे?"

"फुकट कुणाचं खाल्लं नाही मी."

नोट घेतली नाही तर ते तोंडच उघडायचे नाहीत. शेवटी आई घ्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

एका रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला घेऊन घरी आले. मामांनी विचारलं, "मला काय करावं लागेल? हॉलवर मजला चढवायचाय ना?"

"काही करायचं नाही. फक्त घ्यायचं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?" मामांचा आवाज चढला. 'तो' कोण, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "ह्या बाबतीत काही नाही." मामांनी भिंतीकडे कूस वळवली. भाकर आणि प्याला तसेच झाकलेले परत गेले.

मग अंथरुणातच सगळं व्हायला लागलं. एका दुपारी मी त्यांना पुसून चादर बदलत होतो. मामांचा हात नोटेसाठी उशी चाचपत होता, पण उशी मी खुर्चीवर ठेवली होती. हात तसाच गादीवर पडून राहिला.

"तुझा बाप घाबरला होता का रे?" त्यांनी विचारलं.

"आधी खूप. नंतर नाही."

"काय म्हणायचा?"

"माझ्याकडे दाखवायला काहीच नाही, म्हणायचे."

मामांनी छताकडे बघितलं. "माझ्याकडे तर एवढं आहे," ते म्हणाले. आवाजात अभिमान नव्हता. माणूस भेदरला की बोलतो तसे ते बोलले. मी डायपरच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांच्या अंगावर चादर ओढली.

त्यानंतर ते भ्रमात गेले. कुणाला शिकवलं, कुणाचं लग्न लावून दिलं, नावं घेत राहायचे, मध्येच अडखळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पाळकसाहेब पुन्हा आले तेव्हा मामांना गिळताही येत नव्हतं. पाळकसाहेबांनी नुसती प्रार्थना केली. दोन दिवसांनी मामा गेले.

चर्च गच्च भरलं होतं. एकेक जण उठून मामांच्या चांगुलपणाबद्दल बोलला, आणि एकही शब्द खोटा नव्हता. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, की आपण ह्यांना देवाच्या दयेवर सोपवतो. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल एवढंच?

परत येताना रिक्षात आईने विचारलं, "दादा प्रभूजवळ असेल ना रे?"

"असतील."

"चांगला होता म्हणून म्हणतोस?"

"नाही. पप्पा आहेत, तसेच," मी म्हटलं.

आईने पदराने तोंड पुसलं. मला खरं तर काहीच माहीत नव्हतं.