रत्नमालाबाईंची कांती

रत्नमालाबाईंचं कुणी कौतुक केलं, की त्या आधी त्या माणसाचे डोळे निरखायच्या. डोळ्यांत काही सापडलं नाही, तर जास्तच सावध व्हायच्या.

त्याला कारण होतं. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहताना, ऐन विशीत, त्यांच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग उठला. मग बोटांवर, कोपरांवर, पापण्यांवर. कुणाकडे चहा वेगळ्या कपात आला, तर तो जातीमुळे की कोडामुळे, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही. जनार्दनने सगळं बघून त्यांच्याशी लग्न केलं. तरी ह्याने नेमकं काय पाहून होकार दिला, ही शंका त्यांनी तो जाईपर्यंत मनात ठेवली.

वर्षं गेली तसं कोड पसरत पसरत पुरं झालं. डागच उरले नाहीत, कारण दिसण्यासारखा मूळचा रंगच उरला नाही. मुलगा स्वप्नील बदलीवर जयपूरला आला आणि त्याच्या मागोमाग त्या खातीपुऱ्यात राहायला आल्या, तेव्हा त्यांना पूर्वीची म्हणून ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. शेजारणी सुनेला, अक्षदाला विचारायच्या, तुमच्या सासूबाई काश्मीरच्या का? अक्षदा हसून विषय बदलायची. ती का हसली, ह्यावर रत्नमालाबाई दिवसभर विचार करायच्या.

गुडघे धरले म्हणून अक्षदाने त्यांना कॉलनीच्या हॉलमधल्या साधनावर्गाला धाडलं. वर्ग प्रतिमादीदी घ्यायच्या. आधी आसनं, मग प्रवचन. देह म्हणजे आत्म्याचं वस्त्र, असं त्या सांगत. आत्मा निर्मळ तर वस्त्रही निर्मळ. साधकाचा आदर्श देह ताठ असतो, हलका असतो, त्याला रोग शिवत नाही, आणि त्याची कांती अशी असते की आतला दिवा बाहेरून दिसावा.

एके दिवशी दीदींनी रत्नमालाबाईंना मागच्या सतरंजीवरून उठवून पुढे बसवलं आणि बायकांना म्हणाल्या, हे बघा, ह्या वयात हे तेज. पूर्वजन्मीची साधना असल्याशिवाय असं होत नाही.

रत्नमालाबाईंनी मान वळवून एकेक चेहरा तपासला. थट्टा चालली असेल, तर कुणाच्या तरी ओठाला मुरड पडायलाच हवी. कुणीच हसत नव्हतं. उलट वर्ग सुटल्यावर बायका त्यांना घेरून आहाराबद्दल विचारू लागल्या. घरी आदल्याच दिवशी मटणाचा रस्सा झाला होता. त्या म्हणाल्या, "साधंच खाते."

पुढे प्रसाद त्यांच्या हातून वाटला जाऊ लागला. ज्या हातचं पाणी कुणी घेतलं नव्हतं, त्या हातचे खडीसाखरेचे खडे बायका डोळे मिटून जिभेवर ठेवत. रत्नमालाबाई इस्त्रीची साडी नेसून जाऊ लागल्या. हे सगळं आवडतंय, हेच त्यांना खटकायचं. ह्या लोकांना आपल्याकडून काहीतरी हवंय, ते काय, एवढंच कळत नव्हतं.

त्यातच एक मुलगी त्यांच्याकडे एकटक बघायची. तनया तिचं नाव. बँकेतल्या एका मराठी अधिकाऱ्याची लेक. आई लताबाईंबरोबर यायची आणि ओढणी नाकापर्यंत गुंडाळून बसायची. हिने ओळखलं, असं रत्नमालाबाईंना वाटलं. त्या तिची नजर चुकवू लागल्या.

मग एका सकाळी दीदींनी तनयाला उभं केलं. ह्या मुलीने मीठ सोडलंय, दूध सोडलंय, डॉक्टरची औषधंही बंद केलीत, असं कौतुकाने सांगितलं आणि रत्नमालाबाईंकडे बोट केलं. श्रद्धेने केलं तर काय मिळतं, ते समोर बसलंय. नमस्कार करताना मुलीची ओढणी घसरली. तिच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग होता.

गुडघ्यावर हात टेकत रत्नमालाबाई उठल्या.

"दीदी, ये तेज नहीं है. सफेद दाग है. पूरे बदन पर."

दीदींना तो विनय वाटला. त्या हसल्या. तेव्हा रत्नमालाबाईंनी पाठ फिरवली, अंबाडा वर धरला आणि मानेवरचा करवंदाएवढा सावळा ठिपका सगळ्यांना दाखवला. हा माझा खरा रंग, एवढाच राहिलाय, असं सांगितलं. आमच्या विहारात भंतेजी देहाबद्दल बोलायचे, केस, नखं, दात, कातडी, त्याखाली मांस, हाडं. त्यात कांती कधी ऐकली नाही, हेही सांगून टाकलं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने मघाशी त्यांच्याकडून घेतलेली तळहातावरची खडीसाखर हळूच सतरंजीच्या कडेला ठेवली. रत्नमालाबाईंनी ते पाहिलं. निदान हे ओळखीचं होतं. दीदी म्हणाल्या, प्रारब्ध कुणाला चुकलंय, आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

बाहेर लताबाईंनी त्यांना गाठलं. इतके दिवस गप्प बसून आम्हाला का फसवलंत, असं त्यांनी विचारलं. रत्नमालाबाई म्हणाल्या, "पोरीला आज मीठ घालून जेवू घाला. आणि डॉक्टरकडे न्या."

चार-पाच दिवसांनी तनया एकटीच घरी आली. रत्नमालाबाईंनी दार अर्धवट उघडलं आणि कशाला आलीस, असं विचारलं. तिने औषधं पुन्हा सुरू केली होती. मराठी अडखळत होतं.

"आंटी, मतलब... माझं पण असंच पूर्ण होणार?"

"होईल किंवा थांबेल. कुणी खात्रीने सांगत असेल, तर त्याच्यापासून लांब राहा."

मुलीने मान हलवली. मग तिने विचारलं, उन्हात जाताना तुम्ही काय लावता? प्रश्न साधा होता. रत्नमालाबाई क्षणभर तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या, मग दार पुरतं उघडून बाजूला झाल्या.